मोदकांना आलेला वास

त्या वर्षी गणपतीच्या पहिल्या दिवशी मंडळाच्या मोदकांना रॉकेलचा वास आला आणि दोष ते करणाऱ्या काकूंच्या हातांना लागला. वास हातांचा नव्हता, पाण्याचा होता. पाण्याला तो कशामुळे आला हेही मला त्याच दुपारी कळलं होतं, कारण ते पाणी माझ्या हलगर्जीपणामुळे खराब झालं होतं. मी बोललो नाही. नुसता गप्प बसलो असतो तरी अपराध होताच, पण मी गप्पही बसलो नाही. मी एक विनोद केला.

हे आधीच लिहून टाकतो. नाहीतर पुढचं सांगताना मी स्वतःला सांभाळून घेईन, आणि ते मला फार चांगलं जमतं.

भोपाळच्या एका सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये मी नोकरीला लागलो तेव्हा लग्न नुकतंच झालं होतं. कारखान्यात अवजड यंत्रं बनायची. माझं खातं मात्र देखभालीचं होतं: क्वार्टर्सची गळती, रस्त्यांचे दिवे, दवाखान्याचा जनरेटर, बस डेपो. लोकांना आम्ही आठवायचो ते काही बिघडलं की. मराठी घरं बऱ्यापैकी होती. निम्मी नागपूर-अमरावतीकडची, निम्मी आमच्यासारखी पुण्या-मुंबईहून बदलून आलेली, आणि दोघांचं एकमेकांशी वरणावरून भांडण. आम्ही गूळ घालतो म्हणून ते हसायचे, ते तिखट घालतात म्हणून आमच्या बायका नाकं मुरडायच्या. गणपतीत मात्र सगळे एका मांडवाखाली.

काकू आमच्या समोरच्या क्वार्टरमध्ये राहायच्या. मूळच्या नागपूरच्या. काका ड्रॉइंग ऑफिसात होते, अतिशय कमी बोलणारे. माझ्या बायकोला पहिल्याच उन्हाळ्यात टायफॉइड झाला तेव्हा ती अंथरुणातून उठेपर्यंत काकूंनी आमचं घर चालवलं. मी संध्याकाळी कामावरून आलो की ओट्यावर झाकलेलं ताट असायचं. आभार मानायला गेलो तर म्हणाल्या, "राहू दे. पुण्याचा माणूस आभार मानतो म्हणजे हिशेब बंद करून राहिला. मला नाही बंद करायचा."

मंडळाचा नैवेद्य दरवर्षी त्याच करायच्या. त्यांचं सोवळं कडक होतं. नळाच्या तोटीत चामड्याचा वॉशर असतो म्हणून बाप्पाच्या स्वयंपाकाला नळाचं पाणी चालायचं नाही. मैदानाच्या कडेला टाउनशिप व्हायच्या आधीची दगडी विहीर होती, तिचं पाणी त्या स्वतः ओढून आणायच्या. बाकी त्या विहिरीचा उपयोग बागेपुरता. त्या वर्षीपर्यंत त्या तळणीचे मोदक करत. पुण्याकडच्या बायकांनी इतकी वर्षं टोमणे मारले की त्या वर्षी त्यांनी उकडीचे करायचं ठरवलं. महिनाभर माझ्या बायकोकडून शिकल्या. पहिले सगळे फुटले. मग एके दिवशी एक मोदक हातावर घेऊन आल्या, सगळ्या कळ्या सारख्या, आणि म्हणाल्या, "सांग तुझ्या पुण्याला."

आता डिझेलचं सांगतो.

बस डेपोत जमिनीखाली डिझेलची टाकी होती. तिथून दवाखान्याच्या जनरेटरपर्यंत एक लोखंडी पाइप जमिनीखालून गेला होता, आणि तो मंडळाच्या मैदानाखालून जायचा. त्या उन्हाळ्यात तो गंजून कमजोर झाल्याचं लक्षात आलं. आम्ही कुंपणाच्या भिंतीवरून नवी लाइन टाकली. जुनी लाइन रिकामी करून, खणून काढून टाकायची होती. ते काम माझ्याकडे होतं. पण नवी लाइन चालू होईपर्यंत श्रावण आला, आणि त्या वर्षी मंडळाचा सेक्रेटरीही मीच होतो.

मी अध्यक्षांना म्हणालो, मैदान आडवं खणावं लागेल. अध्यक्ष लेखा विभागातले, आवाज मोठा.

"मैदान खणून ठेवलंस तर बाप्पा बसवायचे कुठं? तुझ्या टेबलावर?"

सगळे हसले. मीही हसलो. म्हटलं, विसर्जनानंतर काढू. तोवर डेपोच्या टोकाचा व्हॉल्व्ह घट्ट बंद करून ठेवला. काही दिवसांनी माझ्या वरिष्ठांनी जाता जाता विचारलं, "जुनी लाइन निघाली?" मी म्हणालो, "हो सर, झालं ते." त्या वेळी ते खोटं वाटलंही नाही. थोडं आधी सांगितलेलं खरं आहे, असं वाटलं.

व्हॉल्व्ह जुना होता. तो बंद करूनही डिझेल पाइपात झिरपत राहिलं आणि मैदानाखालच्या गंजलेल्या जोडातून जमिनीत जात राहिलं. डेपोतला माणूस रोज टाकीत काठी सोडून डिझेल मोजायचा. ते कमी भरायला लागलं तेव्हा तो मला म्हणाला, "गरमी में उड़ जाता है, साहब." डिझेल असं उडत नाही, हे मला ठाऊक होतं. मी मान हलवली. भोपाळची काळी माती उन्हाळ्यात अशी तडकते की भेगेत मनगटापर्यंत हात जावा. डिझेलला खाली जायला तयार वाटा होत्या. मग पाऊस पडला, भेगा मिटल्या आणि वरून सगळं हिरवं झालं.

गणेश चतुर्थीच्या दुपारी मी मांडवात वायरींकडे बघत होतो. मागच्या ताडपत्रीच्या स्वयंपाकघरातून काकूंची हाक आली.

"ओ सेक्रेटरीसाहेब, इकडे या जरा."

काकू पाटावर बसल्या होत्या. समोर पाण्याची कळशी, बाजूला भरलेला मोठा स्टोव्ह. नाक लाल झालं होतं.

"परवापासून नाक बंद आहे माझं. विहिरीतून ओढताना मला उगीच वाटलं, या पाण्याला काही वास येऊन राहिला का? तू पाह्य बरं."

मी वाकलो. वास अगदी बारीक होता. पण मी रोज डेपोत जाणारा माणूस. मला दुसऱ्या श्वासाची गरज लागली नाही. पाण्यावर, कळशीच्या काठाशी, एक रंगीत रेष हलत होती.

गॅसकांडानंतर आमच्या शहरात पाण्याला वास येतो असं कुणी मोठ्यानं म्हटलं की काय होतं, ते भोपाळमध्ये राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. मी स्वतःला तेच कारण दिलं: घबराट होईल. खरं कारण लहान होतं. संध्याकाळच्या आरतीला माझे वरिष्ठ येणार होते. पाण्याला डिझेलचा वास म्हटलं की ते कुठून आलं असा प्रश्न येणार, आणि त्याचं उत्तर मी दिलेल्या त्या "झालं ते"पाशी जाऊन थांबणार.

"काही नाही काकू. स्टोव्हचा असेल."

"पक्कं ना? बाप्पाचं आहे. नैवेद्याचं मला चाखता येत नाही की हुंगता येत नाही."

"पक्कं."

त्यांनी कळशी पुढे ओढली. मी परत वायरींकडे गेलो.

उकडीचा पदार्थ वाफेवर होतो आणि वाफ पाण्यातला वास उचलून वर नेते. त्यांनी तळणीचे मोदक केले असते तर कदाचित काही कळलंही नसतं. नैवेद्य दाखवला, आरती झाली, मंत्रपुष्पांजली झाली. प्रसाद वाटायला लागले. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी मोदक मोडला, तोंडाशी नेला आणि हात तसाच थांबला.

"अगं बाई, रॉकेल!"

मग सगळेच हुंगायला लागले. कुणी पानावर ठेवून दिला, कुणी रुमालात. मागून एक पुणेरी आवाज आला, "त्यांनी आपले तळणीचेच केले असते तर बरं झालं असतं." काकू परात हातात धरून उभ्या होत्या. स्टोव्हमध्ये रॉकेल त्यांनीच भरलं होतं, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. माझे वरिष्ठ खुर्चीवर बसले होते, त्यांच्या हातातही मोदक होता. सगळे सेक्रेटरीकडे बघायला लागले. आणि मी माईकवर म्हणालो:

"यंदा काकूंनी बाप्पाला स्टोव्हसकट नैवेद्य दाखवलाय."

मांडव हसला. मोकळेपणानं, खळखळून. वरिष्ठही हसले. काकू पण हसल्या थोड्या. मग त्यांनी परात खाली ठेवली, आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी पत्रावळी गोळा करायला लागलो.

तो विनोद टिकला. चांगला जमला होता, त्यामुळे टिकला. पुढच्या वर्षी स्वयंपाक जवाहर चौकातल्या हलवायाला दिला. "बरं पडतं," असं ठरलं. काकू एकदोन वर्षं आरतीला मागे येऊन उभ्या राहायच्या. मग येईनाशा झाल्या. समोरच्या क्वार्टरमधून आमच्याकडे ताटं येणं मात्र थांबलं नाही. नंतर माझ्या लक्षात आलं की ताटात कोरडे पदार्थच असायचे, डब्यातले, आधी करून ठेवलेले. आमच्या डोळ्यांदेखत त्यांनी पुन्हा काही रांधलं नाही.

विसर्जनानंतर मी डेपोच्या टोकाला पाइप कापला आणि तोंडाला लोखंडी झाकण वेल्ड करून घेतलं. गळती थांबली. खणून काढायचं राहिलं ते राहिलंच, कारण मैदान खणलं की भिजलेली माती दिसली असती. पुढे मंडळाला पक्का मंच हवा होता. जागा मी सुचवली. जोडाच्या बरोबर वर. त्यावर काँक्रीट ओतलं गेलं तेव्हा मी समोर उभा होतो, आणि मला हलकं वाटलं होतं, हेही इथे लिहिलं पाहिजे.

वर्षं गेली. मी बढत्या घेत त्याच खात्यात वर आलो. काका-काकू निवृत्तीनंतर नेहरू नगरमध्ये छोटं घर बांधून राहायला गेले. काका तिथेच वारले. मी अंत्ययात्रेला गेलो होतो. काकूंशी बोललो नाही, दुरून हात जोडले.

मग एका पावसाळ्यानंतर कुंपणापलीकडच्या गल्लीतली एक बाई माझ्या ऑफिसात आली. इंद्रपुरीच्या बाजूला जाणारी ती गल्ली एका हँडपंपावर चालायची. तिनं पाण्याचा डबा माझ्या टेबलावर ठेवला, झाकण काढलं आणि म्हणाली, "साहब, ज़रा पीकर दिखाइए." खोलीभर वास पसरला. तो मी लगेच ओळखला.

हँडपंपाला कुलूप लागलं, गल्लीत टँकर सुरू झाला. इंदूरहून जमीन आणि भूजल तपासणाऱ्यांचं पथक आलं. प्रमुख एक तरुण भूगर्भतज्ज्ञ बाई, इंदूरची मराठी, बोलताना निम्मी हिंदी. त्यांनी जागोजागी बोअर घेतले. दोरीला बांधलेली पारदर्शक नळी बोअरमध्ये सोडायची आणि वर काढून उजेडात धरायची. खाली पाणी, त्यावर तेलाचा थर, चहावर साय धरावी तसा. दोरी धरायला मी आपण होऊन पुढे व्हायचो. माझे सहकारी म्हणायचे, साहेब फार रस घेतात. रस नव्हता, भीती होती. नळी वर येताना प्रत्येक वेळी वाटायचं, आता ही सांगणार.

डेपोच्या टाकीखालची माती खराब निघाली. कुठल्या डेपोची नसते? टाकी काढली, माती खणली, शेडमध्ये जाड प्लॅस्टिकवर पसरून तिच्या गाद्या केल्या. शेणखत आणि थोडा युरिया मिसळून, पाणी शिंपडून, त्या वारंवार उलथायच्या. मातीतले जिवाणू तेल खातात, त्यांना हवा आणि ओल पुरवत राहायचं. हळूहळू वास उतरायला लागला. मी रोज संध्याकाळी मूठभर माती नाकाशी नेऊन बघायचो. माझी इच्छा साधी होती. मी न बोलता जमीन बरी व्हावी.

डेपोचे बोअर सुधारले. विहीर आणि हँडपंप सुधारले नाहीत. पुढचा पावसाळा लागला, जमिनीतलं पाणी वर चढून तेलानं भिजलेल्या थराला भिडलं आणि विहिरीत पुन्हा रंगीत रेषा आल्या.

"सर, हे तेल डेपोतून येत नाही," भूगर्भतज्ज्ञ बाई मला म्हणाल्या. "डेपो आणि विहिरीच्या मधला बोअर बघा. बीच में एकदम साफ आहे. दुसरीकडे कुठंतरी आहे ते. इथे कधी जुनी लाइन होती का?"

"माझ्या माहितीत नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. माझ्यावर विश्वास न ठेवण्याचं त्यांना कारण नव्हतं.

मग शोध कुंपणापलीकडे वळला. गल्लीच्या तोंडाशी एका मेकॅनिकचं गॅरेज होतं. स्कूटर, ट्रॅक्टर, जे येईल ते. त्याच्या अंगणातली माती तेलकट होतीच. आमच्या प्रशासनाला हे उत्तर फार आवडलं. घाण आपली नाही, बाहेरची आहे. गॅरेज बंद करायचं, हँडपंप कायमचा बुजवायचा, असं ठरत आलं. गल्लीतले लोक, कालपर्यंत त्याच्या ओट्यावर बसणारे, त्याच्याशी बोलेनासे झाले. मी एकदा तिथून जाताना तो बादलीत हात घालून साबणानं घासत होता. आणि मला मांडवात परात धरून उभ्या असलेल्या काकू दिसल्या. माझ्या एकाच चुकीसाठी दुसऱ्यांदा कुणाच्या तरी हातांकडे बोट दाखवलं जात होतं.

तरी मी दोन दिवस काढले. हे दोन दिवस मला आजही आठवतात ते जेवण न गेल्यामुळे नाही. मी त्या दोन दिवसांत स्वतःला पटवत होतो की मेकॅनिक दुसरीकडे गॅरेज टाकेल.

तिसऱ्या दिवशी पथक आणि प्रशासनाचे लोक गॅरेजकडे जाणार होते. त्याआधी सगळे मैदानावर मंचाच्या कडेला चहा पीत बसले होते. आमचे जुने अध्यक्ष फिरायला आलेले, तेही टेकले. आता ऐंशीकडे झुकलेले, आवाज तेवढाच.

"काय शोधताय पोरी?" त्यांनी भूगर्भतज्ज्ञ बाईंना विचारलं.

"पाण्याला तेलाचा वास येतोय काका. पहिल्यांदा केव्हा आला होता, ते शोधतोय."

"वास?" अध्यक्ष खो खो हसले. "वास तर आमच्या मोदकांना आला होता! हा आमचा सेक्रेटरी. काय म्हणाला होतास रे? स्टोव्हसकट नैवेद्य! अख्खा मांडव हसला होता."

दोघेतिघे हसले. त्या हसल्या नाहीत. कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "ते मोदक कुठल्या पाण्यावर केले होते?"

"याच विहिरीच्या. बाईंचं सोवळं होतं ना. नळाचं चालायचं नाही."

"आणि हे गॅरेज होतं तेव्हा?"

"गॅरेज कुठलं! तिकडे तेव्हा हरभऱ्याचं शेत होतं."

त्या उठल्या. मग विहिरीकडे पाहिलं, डेपोकडे पाहिलं, आणि शेवटी माझ्याकडे. मी हसलो नव्हतो, हे त्यांनी पाहिलं असावं. माझ्या हातातला चहा थंड झाला होता. अजूनही मला काही बोलायची गरज नव्हती. अध्यक्षांच्या विनोदावर हसून, चला उशीर होतोय, असं म्हणता आलं असतं.

"गॅरेजकडे जायला नको," मी म्हणालो. "हा मंच फोडावा लागेल. याच्याखाली जुनी लाइन आहे. मी ती काढली नव्हती."

बाकीच्यांनी मंचाकडे पाहिलं. अध्यक्ष मात्र माझ्याकडे बघत राहिले. त्यांना हिशेब लागायला वेळ लागला. मग म्हणाले, "म्हणजे ती बाई..." आणि तिथंच थांबले.

उघडीप मिळाली तसा मंच फोडला. वर ताडपत्री बांधून खणायला घेतलं. खालची काळी माती हिरवट-करडी झाली होती आणि पहिल्या फावड्यालाच वास वर आला. तोच. इतकी वर्षं काँक्रीटखाली तो जसाच्या तसा राहिला होता. पाइपाचा जोड हातात आला तेव्हा बिस्किटासारखा तुटला. भूगर्भतज्ज्ञ बाई माझ्याशेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, "सर, मी तुम्हाला विचारलं होतं." मी म्हणालो, "हो." त्या दिवसापासून त्यांनी दोरी धरायला मला बोलावलं नाही.

माझ्यावर चौकशी लागली, ती योग्यच होती. गॅरेज वाचलं. मेकॅनिककडे आणि हँडपंपाच्या गल्लीत मी जाऊन उभा राहिलो. कुणी ऐकून घेतलं, कुणी दार लावलं. डबा घेऊन आलेली बाई एवढंच म्हणाली, "पानी कब मिलेगा?" माती आठवड्यांत बदलत नाही.

मग मी नेहरू नगरला गेलो.

काकूंनी दार उघडलं. केस पांढरे, बाकी त्याच. "अरे, सेक्रेटरी!" त्या म्हणाल्या. बसवलं. आत गेल्या, पाण्याचा पेला भरला. पेला माझ्यापुढे करण्याआधी त्यांनी बोटं नाकाशी नेली, हुंगली, पदराला पुसली आणि मग पेला दिला. त्यांना ते कळलंही नाही. इतक्या वर्षांची सवय झाली असावी.

मला पाणी प्यायला जमलं नाही. मी सगळं सांगितलं. लाइन, व्हॉल्व्ह, कळशीवरची रंगीत रेष, मी म्हणालेलं "पक्कं". माझं संपल्यावर त्या खिडकीकडे वळल्या.

"म्हणजे बंद असूनही नाक बरोबर होतं माझं," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "यांनी कधी शब्द काढला नाही त्यावर. पण त्या दिवसानंतर आमच्या घरातला स्टोव्ह हेच भरून द्यायचे. मरेपर्यंत. गॅस आला तरी तो एक स्टोव्ह होता, तो हेच भरायचे. मी म्हणत होती, मी हात धुतले होते. ते म्हणायचे, हो ना, मी कुठं काय म्हटलं."

"काकू, मी..."

"थांब. तुला माफी मागायची आहे ना? इथं मागून काय करशील? इथं कोण हसलं होतं?"

मी खाली बघत होतो.

"जिथं बोललास तिथं बोल. आणि त्यात हसू आणू नकोस. तुला सवय आहे."

"तुम्ही याल?"

"ते मी पाहीन." त्यांनी माझ्या हातातला भरलेला पेला परत घेतला. "तू पाणी पण नाही प्यायलास."

त्या वर्षी मैदान खणलेलं होतं, त्यामुळे गणपती टाउनशिपच्या शाळेच्या हॉलमध्ये बसवले. पहिल्या दिवशीची आरती झाली. हलवायाच्या मोदकांच्या पेट्या टेबलावर होत्या. मी जुन्या अध्यक्षांना आधीच सांगून ठेवलं होतं की प्रसाद वाटायच्या आधी मला माईक हवा. त्यांनी तो माझ्या हातात दिला. हॉल भरलेला. निम्मे लोक नवे, ज्यांना तो विनोद ठाऊकही नव्हता. क्षणभर वाटलं, यांच्यापुढे कशाला. मग मागच्या दाराशी पांढरी साडी दिसली. काकू चपला काढत होत्या. आत आल्या नाहीत, चौकटीला हात टेकून उभ्या राहिल्या.

मी बोलायला लागलो. मध्ये कुठंच थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर काहीतरी हलकं बोलून बसलो असतो.

"बऱ्याच वर्षांपूर्वी आपल्या मंडळाच्या मोदकांना वास आला होता. ते मोदक समोर दाराशी उभ्या असलेल्या काकूंनी केले होते. त्यांचे हात स्वच्छ होते. वास विहिरीच्या पाण्याला होता, आणि तो माझ्यामुळे होता. त्यांनी मला आधी विचारलं होतं. मी पाणी हुंगलं, मला कळलं, आणि मी खोटं सांगितलं. मग मंडळाच्या माईकवरून त्यांची थट्टा केली. तुम्ही हसलात त्यात तुमचा दोष नाही, तुम्हाला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. काका आज नाहीत, त्यांना हे कळायला हवं होतं, ते माझ्यामुळे राहिलं. काकू, माझं चुकलं. मला माफ करा."